जुना लष्करी वेब बेल्ट कसा ओळखावा? 'इतिहासाची साधने' शिकवण्यासाठी एक प्रत्यक्ष पाठ



इतिहासाच्या पुस्तकात 'इतिहासाची साधने' हा धडा असतो. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. मुले व्याख्या पाठ करतात. किल्ले, नाणी, ताम्रपट, पोवाडे अशी उदाहरणे लिहितात आणि मार्कही मिळवतात. पण एखादी जुनी वस्तू हातात घेऊन 'ही मला नेमकं काय सांगते?' असा प्रश्न विचारण्याची वेळ मुलांवर फारशी येत नाही. येणार कशी? ताम्रपट वर्गात आणायचा कुठून?

त्यासाठी आज एक साधी वस्तू घेऊ या. लष्करी वेब बेल्ट, म्हणजे जाड विणीचा सुती कमरपट्टा. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, भंगाराच्या दुकानात तो अधूनमधून दिसतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पलटणीत गेली, तिथे तो पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशीही सापडतो. या एका पट्ट्यात तिन्ही साधने असतात. कापड आणि पितळ हे भौतिक साधन, आतला शिक्का हे लिखित साधन आणि घरात सांगितली जाणारी आठवण हे मौखिक साधन.

या पाठाची दुसरीही एक गरज आहे. दिवाळीच्या साफसफाईत 'जुनाट पट्टा' म्हणून तो भंगारवाल्याकडे जातो, नाहीतर साबणात धुतला जातो आणि शिक्का पुसला जातो. उलट बाजारात विकणारा 'दुसऱ्या महायुद्धातला, एकदम ओरिजिनल' म्हणून नवा पट्टा गळ्यात मारतो. दोन्ही प्रकारांत एका खऱ्या सैनिकाची खरी खूण हरवते.

आधी थोडी पार्श्वभूमी

पूर्वी सैनिकांचे पट्टे चामड्याचे असत. चामडे पावसात फुगते, उन्हात कडक होऊन तडकते. सुताची घट्ट वीण घालून पट्टे करण्याच्या कामात अन्सन मिल्स या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचे नाव महत्त्वाचे आहे. काडतुसे ठेवायच्या कड्या वेगळ्या न शिवता पट्ट्यासोबतच विणायच्या, ही त्याची युक्ती. त्याच्याच नावाच्या मिल्स इक्विपमेंट कंपनीने पुढे ब्रिटिश सैन्यासाठी काम केले. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात चामड्याच्या सामानाच्या अडचणी दिसून आल्या होत्या. १९०८ साली ब्रिटनने पायदळासाठी संपूर्ण सुती विणीचा संच स्वीकारला. त्याला '१९०८ पॅटर्न' म्हणतात. त्यानंतर आला '१९३७ पॅटर्न'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि भारतीय सैन्याच्या अंगावर प्रामुख्याने हाच होता, आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे तो आपल्याकडे वापरात राहिला. म्हणून आपल्या भागात सापडणारा जुना पट्टा या घराण्यातला असण्याची शक्यता जास्त.

पट्टा हातात घेण्यापूर्वी

१. धुऊ नका. ब्रश मारू नका. बकलाला ब्रासो लावू नका. पितळ कळकलेले असले तरी तसेच राहू द्या.
२. मुलांना मास्क द्या आणि नंतर हात धुवायला लावा. जुन्या कापडात बुरशी असते. शिवाय सैनिक पट्ट्याला 'ब्लँको' नावाची रंगाची पूड पाण्यात कालवून लावत, तिची धूळ अजूनही सुटते.
३. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. वहीत तारीख घालून 'पट्टा कोणाकडून, कधी मिळाला' ही नोंद करा.

आता पायरीपायरीने तपासणी करू.

पायरी पहिली: कापड

भिंगातून बघा. सुताला बारीक लव दिसते, चमक नसते. नायलॉन गुळगुळीत आणि चकचकीत दिसते, हाताला निसरडे लागते. अमेरिकन सैन्याला व्हिएतनामच्या दमट हवेत सुती पट्टे कुजण्याचा त्रास झाला आणि ते नायलॉनकडे वळले. १९७३ साली त्यांनी स्वीकारलेला 'ॲलिस' नावाचा संच नायलॉनचा आहे. तेव्हा नायलॉनचा पट्टा कोणी महायुद्धातला म्हणून दाखवला, तर तिथेच थांबायचे. दोरा जाळून बघण्याची पद्धत काही जण सांगतात. ती वर्गात नको आणि घरच्या जुन्या पट्ट्यावर तर मुळीच नको.

पायरी दुसरी: रुंदी

पट्टी घ्या आणि मोजा. ही पायरी मुलांना सर्वांत आवडते.

• १९०८ पॅटर्न: रुंदी ३ इंच, म्हणजे सुमारे ७६ मिलिमीटर
• १९३७ पॅटर्न: रुंदी सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर

१ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. गुणाकार मुलांनाच करू द्या. सुती कापड आटते, त्यामुळे एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. पण ७६ आणि ५७ यांत गल्लत व्हायला नको. एवढ्या एका मापावरून दोन पिढ्यांचे पट्टे वेगळे करता येतात.

पायरी तिसरी: घडण

१९३७ च्या पट्ट्याला मागच्या बाजूला, वरच्या काठाशी, थोडी तिरपी बसवलेली दोन छोटी बकले असतात. खांद्यावरून येणारे पट्टे त्यांत अडकवायचे. (१९०८ च्या पट्ट्यालाही मागे अशी जोडी असते, म्हणून रुंदी आधी मोजायची.) पुढचे बक्कल दोन भागांचे, एकमेकांत अडकणारे. पट्टा लहान-मोठा करण्यासाठी टोकांना धातूचे आकडे असतात आणि ते आतल्या बाजूच्या फटींत बसतात. चांगल्या ब्रिटिश पट्ट्यात या फटी विणीतच तयार केलेल्या असतात, वरून शिवलेल्या नसतात.

महायुद्धाच्या काळात भारतात बनलेले सामान अनेकदा जरा भरड विणीचे असते आणि त्यात तुकडे शिवून जोडलेले दिसतात. त्यावरून 'हा नकली' असा निकाल देऊ नका. युद्धाच्या घाईत जे सूत, जे माग हाताशी होते त्यांवर ते काम झाले. तो ओबडधोबडपणाही इतिहासच आहे.

'१९४४ पॅटर्न' हा जंगलातल्या लढाईसाठी केलेला संच. तो गडद हिरवट, बुरशीला दाद न देण्यासाठी प्रक्रिया केलेला आणि हलक्या धातूचा असतो. अमेरिकन पट्टे बहुधा धातूच्या आयलेटच्या ओळींवरून ओळखू येतात, बुटाच्या लेससाठी असतात तशी छिद्रे. युद्धकाळात आसाम-कोलकाता भागात अमेरिकन सैन्य होते, त्यामुळे त्यांचे सामान भारतात सापडले तर नवल नाही. निळसर राखाडी रंगाचा पट्टा असेल तर हवाई दलाचा विचार करा. १९३७ चा संच ब्रिटिश हवाई दलाने त्या रंगात वापरला होता.

पायरी चौथी: धातू

विज्ञानाच्या पेटीतला लोहचुंबक आणा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर फक्त मुलामा आहे. मुलामा म्हणजे नकली, असे मात्र नाही. युद्धात पितळेची चणचण असे, तेव्हा पोलादाचेही भाग वापरले गेले. चुंबक फक्त धातू कोणता एवढेच सांगतो.

पायरी पाचवी: आतला शिक्का

सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. पट्टा उलटा करा. खोली थोडी अंधारी करून मोबाईलची बॅटरी पट्ट्याला जवळजवळ समांतर, कडेने धरा. पुसट झालेला शिक्का उठून दिसतो. फोटो काढून तो काळा-पांढरा करा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा, अक्षरे आणखी स्पष्ट होतात.

चिमणीच्या पावलासारखी तीन रेघांची खूण दिसली का? ती 'ब्रॉड ॲरो', ब्रिटिश सरकारी मालमत्तेची शतकांची जुनी निशाणी. तिच्याभोवतीच्या अक्षरांवरून देश कळतो:

• नुसता बाण किंवा सोबत 'डब्ल्यू डी': ब्रिटन
• बाणासोबत 'आय': भारत
• 'सी' या अक्षराच्या पोटात बाण: कॅनडा
• दोन 'डी' अक्षरांच्या मध्ये बाण: ऑस्ट्रेलिया
• 'यू' या अक्षरात बाण: दक्षिण आफ्रिका

अमेरिकन पट्ट्यावर बाण नसतो, 'यू. एस.' असते. बाणाजवळ बहुधा कारखान्याचे नाव किंवा आद्याक्षरे आणि सालही असते. 'एम. ई. को.' म्हणजे वर सांगितलेली मिल्स इक्विपमेंट कंपनी.

दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर दिसले, तर ती वस्तू सैन्यातून रीतसर काढून विकल्याची खूण आहे. जुन्या बाजारात फिरताना ही खूण जरूर शोधा.

आणि एक पक्की कसोटी लक्षात ठेवा. पट्ट्यावर १३ आकडी क्रमांक असेल, चार-दोन-तीन-चार अशा गटांत, तर तो 'नाटो'च्या साठा-पद्धतीतला आहे. दुसऱ्या गटातले दोन आकडे देश सांगतात. ९९ म्हणजे ब्रिटन, ०० किंवा ०१ म्हणजे अमेरिका. अमेरिकेत १९७४ पूर्वी हा क्रमांक ११ आकडी होता. असा कोणताही क्रमांक असलेला पट्टा दुसऱ्या महायुद्धात बनलेला असूच शकत नाही. विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी!

पायरी सहावी: झीज

खरोखर वापरलेला पट्टा सगळीकडे सारखा झिजत नाही. आकडे अडकतात तिथे, बकलाच्या घडीवर, कमरेच्या हाडाजवळ जास्त झिजतो. बाहेरची बाजू उन्हाने आणि ब्लँकोने बदललेली असते, आतली मूळ रंगाच्या जवळ राहते. सिनेमासाठी आणि हौशी संग्राहकांसाठी नव्या प्रतिकृती बनतात, भारतातही बनतात. त्यांवर '१९४२' असे साल ठसठशीत छापलेले असते. साल जुने, शाई ताजी, शिवणीचा दोरा चकचकीत आणि झीज कुठेच नाही, असे असेल तर शंका घ्या. दुकानदार नोटा तपासतात त्या जांभळ्या दिव्याखाली नवे कृत्रिम दोरे पुष्कळदा निळसर चमकतात. पण साबणाच्या पावडरीत धुतलेला जुना पट्टाही चमकतो. म्हणून एकट्या दिव्यावर विसंबू नका.

वापरलेला पण फार जुना नसलेला पट्टाही मिळेल. एनसीसीची स्थापना १९४८ ची. कितीतरी घरांत वडिलांचा किंवा आत्याचा एनसीसीचा वेब बेल्ट असतो. तो युद्धातला नाही म्हणून कमी मोलाचा, असे मुलांना वाटू देऊ नका.

आता खरा धडा: पट्टा काय सांगत नाही?

समजा, एका मुलीने वर्गात पणजोबांचा पट्टा आणला. ती सांगते, "माझे पणजोबा १९४१ मध्ये आफ्रिकेत केरेनच्या लढाईत होते. हाच पट्टा घालून लढले." तुम्ही तपासता. रुंदी ५७ मिलिमीटर, पितळी बक्कल, बाणासोबत 'आय', आणि साल १९४३.

वर्गात लगेच कोणीतरी म्हणेल, "सर, म्हणजे हिचे पणजोबा खोटं बोलले!"

इथे शिक्षकाची परीक्षा असते. फळ्यावर दोन वाक्ये लिहा:

'हा पट्टा १९४१ च्या लढाईत नव्हता.' हे पट्ट्यावरून सिद्ध होते, कारण तो तेव्हा बनलाच नव्हता.

'पणजोबा १९४१ च्या लढाईत नव्हते.' हे पट्ट्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. सैनिकाचा पट्टा फाटतो, हरवतो, बदलून मिळतो. पणजोबा केरेनला असतील आणि हा पट्टा त्यांना नंतर मिळाला असेल. घरात सांगता सांगता दोन खऱ्या गोष्टी एकत्र शिवल्या गेल्या असतील.

याची उलट बाजूही सांगा. १९४३ चा भारतीय पट्टा सापडला म्हणून 'आजोबा इटलीत लढले' हेही सिद्ध होत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोघांनाही इटलीतल्या लढाईसाठी. हे आपल्याला माहीत आहे ते नोंदींवरून, कमरेच्या पट्ट्यावरून नाही.

थोडक्यात, पट्टा सांगतो तो कुठे आणि कधी बनला. तो कोणी वापरला हे सांगायला कागद लागतो. आणि वापरणाऱ्याला काय वाटले, हे फक्त माणूसच सांगू शकतो.

आत शाईने लिहिलेला क्रमांक असला तरी घाई नको. नुसत्या आकड्यावरून माणूस ठरत नाही. जोडीला पलटणीचे नाव हवे आणि तोच क्रमांक दुसऱ्या कशावर तरी सापडायला हवा. त्यासाठी घरात हे शोधा:

• डिस्चार्जचे कागद, पेन्शनचे पुस्तक.
• पदके. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भारतीय सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवरही नाव आढळते. पदक फक्त समोरून पाहू नका, कड फिरवून बघा.
• गावातली संगमरवरी पाटी. पहिल्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, हे सांगणाऱ्या पाट्या महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आहेत.
• पलटण कळली तर पुढची विचारणा करता येते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आणि महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही मार्गदर्शन मागता येते.

वर्गासाठी उपक्रम (दोन तासिका)

पहिल्या तासिकेत पाच-सहा मुलांचा गट करा. प्रत्येक गटाला मोजपट्टी, भिंग आणि चुंबक द्या. वहीत तीन रकाने आखायला सांगा: 'मला दिसते', 'मला वाटते', 'मला सांगितले'. प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात जाते यावर मुलांना वाद घालू द्या. 'पितळेचे बक्कल' पहिल्यात की दुसऱ्यात? चुंबक लावण्याआधी दुसऱ्यात. लावल्यावर 'चुंबक चिकटला नाही' एवढेच पहिल्यात जाते. मजा येते, बघा.

दुसऱ्या तासिकेआधी मुलांनी घरी जाऊन एक जुनी वस्तू आणि तिची गोष्ट सांगणारे माणूस शोधायचे. पट्टाच हवा असे नाही. जातं, अडकित्ता, रेडिओचं लायसन, काहीही चालेल. तेच तीन रकाने भरायचे. परीक्षेत 'साधनांचे प्रकार लिहा' आले की मुले घोकलेले आठवत बसत नाहीत, केलेले लिहितात.

पालकांसाठी दोन सूचना

पहिली, जपणुकीची. पट्टा घडी घालून ठेवू नका, घडीवर सूत तुटते. सैल गुंडाळी करून धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्याचा ओलावा कोंडतो, म्हणून ती नको. सोबत एक चिठ्ठी ठेवा: कोणाचा, कोणी सांगितले, कोणत्या तारखेला. चिठ्ठी नसेल तर पुढच्या पिढीच्या दृष्टीने तो पुन्हा 'जुनाट पट्टा'च.

दुसरी, कायद्याची. आठवण म्हणून जुना पट्टा घरी ठेवणे वेगळे आणि सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून गणवेश किंवा खूण अंगावर मिरवणे वेगळे. दुसरा प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम १४० होते. हौसेने लष्करी कपडे घालणाऱ्या मोठ्या मुलांना हे समजावून सांगा.

शेवटी एकच विनंती. सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा अजून घरात असतील, तर पट्टा नंतर तपासा. आधी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्यांच्याजवळ बसा. शिक्का आणखी पाच वर्षांनी वाचला तरी चालेल, आजोबांची आठवण तोवर थांबेलच असे नाही.